गहू कुठे कुठे असतो

मुंबईत हॉटेलात शिरलं की मेनू कार्ड मी नंतर मागते, आधी भटारखान्याकडे नजर टाकते. तवा एकच आहे की दोन, तळणीची कढई कुठे आहे, चपात्या लाटायचं टेबल भाकरीच्या परातीला किती खेटून आहे, हे पाहून घ्यायचं आणि मग गल्ल्यावरच्या माणसाशी बोलायचं. मला सीलिअ‍ॅक आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लूटेन पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झिजतात, रक्त कमी होतं, हाडं कमकुवत होतात. यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपाय.

‘अगं, थोडंसं खाल्लं तर काय होतंय?’ असं लोक मायेनंच विचारतात. त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लूटेन असतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानंही आतड्याला इजा झालेली दिसली. 50 मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग. भारतात पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ छापायचं असेल, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागते. शिवाय ग्लूटेन तळल्या-भाजल्यानं जात नाही आणि काही जणांना त्याचा त्रास लगेच जाणवतही नाही. पोट दुखलं नाही म्हणून आतडं सुखरूप आहे असं समजता येत नाही.

म्हणून प्रश्न नीट विचारायला शिकावं लागतं. ‘यात ग्लूटेन आहे का?’ म्हटलं की ‘नाही मॅडम, प्युअर व्हेज आहे’ असं उत्तर येतं. वेटरचा त्यात काही दोष नाही, हा शब्द त्याच्या कामात कधी येतच नाही. मी वस्तूंची नावं घेते: गहू, मैदा, रवा, सोया सॉस, हिंग. मुंबईतले बरेच आचारी उत्तरेकडचे, त्यांना ‘आटा, मैदा, सूजी’ म्हटलं की लगेच कळतं. ‘खाल्लं तर आजारी पडते’ हेही स्पष्ट सांगते. नाहीतर हे डाएटचं फॅड समजलं जातं.

हिंग ऐकून सगळेच चमकतात. शुद्ध हिंग इतका उग्र असतो, की बाजारात येणाऱ्या बांधानी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेले असतात. ते पीठ बहुतेकदा गव्हाचं, काही वेळा तांदळाचं. डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे माटुंग्याच्या उडपी हॉटेलात तांदूळ-उडदाची इडली मला चालते, पण सांबाराचं आधी विचारावं लागतं. डोशाचं दुखणं आणखी वेगळं. सादा डोसा, रवा डोसा, पुन्हा सादा, असे एकाच तव्यावर डोसे पडत राहतात. मध्ये पाण्याचा सपकारा मारून झाडूनं तवा पुसतात, पण तोच झाडू रव्याच्या कडा ओढत पुढच्या डोशाच्या जागी येतो. चायनीजच्या गाडीवर सोया सॉस असतो आणि तो सहसा गहू घालूनच आंबवलेला असतो. तंदूरमध्ये ज्या भिंतीवर नान थापतात, तिच्याच पोटात चिकनची सळई उतरते. बांगडा मिठा-मसाल्यातच मुरलेला असला, तरी तव्यावरच्या तेलात आधीच्या पापलेटचा रवा तरंगत असतो.

दादरच्या एका मालवणी खानावळीत मात्र मी निवांत जेवते. तिथे भाकऱ्या करणाऱ्या मावशींशी मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला चपात्यांची कणीक होती आणि समोर तांदळाच्या उकडीचा गोळा. माझं म्हणणं ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे उपासाचं कसं वेगळं ठेवतो, तसंच ना?” मग त्यांनी परात घासून घेतली आणि हात कोपरापर्यंत धुतले. वर लावायचं पीठ उघड्या वाडग्यातून न घेता नव्या पुड्यातून काढलं. चपातीचा तवा उतरवून दुसरा चढवला. भाकरी थापताना कडा चिरायला लागल्या की पाण्याचं बोट फिरवून त्या मिटवत होत्या. भाकरी तव्यावर पडल्यावर वरून पाणी फिरवलं, ते आटायच्या आत उलटली आणि दुसरी बाजू थेट जाळावर फुगवली. मासा तांदळाचं पीठ लावून वेगळ्या पॅनमध्ये तळला. सोबत सोलकढी. या सगळ्याला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, इतकंच.

मावशी जे बोलल्या, तेच मला या शहरातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला सांगायचं आहे. अन्न वेगळं ठेवणं आपल्या स्वयंपाकघरांना नवं नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची पुरी यांत गहू नसतो, फोडणी तुपाची आणि जिऱ्याची, हिंगही नाही. संकष्टीला कितीतरी ठिकाणी साबुदाणा वड्यांची कढई निराळी असते. एरवी तेच वडे समोशाच्या तेलात तळतात. जैन ग्राहकांसाठी वेगळी ग्रेव्ही असते. (सीलिअ‍ॅकवाल्यांनी मात्र ‘जैन’ म्हणजे सुरक्षित असं धरू नये. कांदा-लसूण नसतो तिथे हिंग हटकून असतो.) सामिष-निरामिष भांडी वेगळी ठेवण्याबद्दल तर कुणाला समजवावंच लागत नाही. शिस्त आहे, हातांना सवय आहे. तिच्यात एका आजाराला जागा द्यायची आहे.

कायद्यानं थोडी वाट करून दिली आहे. 10 किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतल्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यावी, असा नियम 2022पासून लागू आहे आणि त्यात ग्लूटेनयुक्त धान्यंही येतात. पण पदार्थात काय घातलं ते कार्डावर छापता येतं, तव्याला काय चिकटलंय ते छापता येत नाही. ते आचाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून मी गर्दीची वेळ टाळते, स्वयंपाक सुरू होता होता पोचते. तेव्हा तवा स्वच्छ असतो, तेल ताजं असतं आणि माणसाला ऐकायला सवड असते. जिथे नीट मिळतं, तिथे पुन्हा पुन्हा जाते आणि आत जाऊन आचाऱ्याचे आभार मानते.

हॉटेलवाल्यांकडे मागणं लहान आहे. एक तवा, एक छोटी कढई, तांदळाच्या पिठाचा झाकणाचा डबा, गव्हाचं पीठ नसलेला हिंग आणि ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणायची तयारी. चारचौघांत बसून जेवता यावं ही चैन नाही. नोकरी, लग्नकार्य, मैत्री, सगळं आपल्याकडे ताटाभोवतीच चालतं आणि डबा घेऊन कोपऱ्यात बसणारा माणूस हळूहळू बोलावणीच टाळू लागतो. उपास कुणी कशासाठी धरलाय, हे न विचारता त्याचं ताट वेगळं वाढलं जातं. आजारी माणसाच्या शब्दावरही तितकाच विश्वास ठेवावा.