आतिथ्याचा वर्ग बोदलकशाच्या तलावाकाठी भरावा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकशाला १९१७ साली मातीचं धरण बांधलं गेलं. पाळ साधारण अर्धा किलोमीटर लांब आणि एकोणीस मीटरच्या आसपास उंच. खालच्या बांध्यांतल्या धानाला पाणी मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. आज त्याच पाण्याच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं, म्हणजे एमटीडीसीचं, पर्यटक निवास आहे. भोवती टेकड्या आणि रान, आणि पुढे नागझिऱ्याचं जंगल. नागपूरचं कुटुंब शनिवारी इथे मुक्कामाला येतं तेव्हा त्याला स्वच्छ चादर, गरम जेवण, भरवशाची गाडी आणि जंगलाची माहिती असलेला माणूस हवा असतो. एवढं सगळं वर्षभर, न चुकता, तलावाला आणि रानाला धक्का न लावता पुरवायचं तर किती प्रकारचं ज्ञान लागतं, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या ज्ञानाचं एक शास्त्र आहे. त्याला विद्यापीठाची पदवी आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, संशोधन आहे. हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याकडे अजूनही उंच पांढरी टोपी घातलेला आचारी किंवा पंचतारांकित हॉटेलच्या दारातला सलाम एवढंच चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात हा विषय अन्न, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि पर्यावरण यांच्या सांध्यावर उभा आहे. त्याच्या वरच्या इयत्ता बोदलकशासारख्या गावी शिकवल्या जायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं या शिक्षणाच्या इतिहासातच सापडतात.

लोझानचा तलाव, दादरची शाळा

जगातली पहिली हॉटेलशाळा १८९३ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सुरू झाली. जाक च्युमी यांनी ती काढली. वर्ग भरले ते जिनिव्हा सरोवराच्या काठावर, उशी इथल्या ‘ओतेल द आंग्लतेर’ या चालत्या हॉटेलात. पर्यटक वाढत होते आणि त्यांची व्यवस्था पाहणारी शिकलेली माणसं कमी पडत होती. सरोवर, डोंगर आणि पाहुणे जिथे होते तिथेच शाळा काढली गेली. १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने हॉवर्ड मीक यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९५० मध्ये विद्यापीठाच्या आवारात ‘स्टॅटलर’ हे सरावाचं हॉटेल उघडलं. विद्यार्थी वर्गात हिशेब शिकत आणि त्याच आवारात खऱ्या पाहुण्यांची सोय पाहत.

आपल्याकडची सुरुवात निराळ्या गरजेतून झाली. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं धान्यटंचाईची होती. उपलब्ध अन्न नीट शिजवावं, वाया जाऊ नये, गहू-तांदळाला पूरक पदार्थ लोकांच्या ताटात यावेत, यासाठी लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखाली ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिल काम करत होती. याच संस्थेने १९५४ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं कॅटरिंग कॉलेज काढलं. आधी अंधेरीला भारतीय विद्या भवनात आणि नंतर दादरला वीर सावरकर मार्गावर त्याचा विस्तार झाला. मुंबईकर त्याला आजही ‘दादरचं कॅटरिंग कॉलेज’ म्हणतात. त्याच्या अधिकृत नावात हॉटेल व्यवस्थापन आणि कॅटरिंग तंत्रज्ञान यांच्या जोडीला ‘उपयोजित पोषणशास्त्र’ हेही शब्द आहेत. या संस्थेचा जन्म भुकेच्या प्रश्नातून झाला, याची ती खूण आहे.

अशा संस्था बराच काळ केंद्राच्या अन्न खात्याकडे होत्या. १९८२ मध्ये त्या पर्यटन खात्याकडे गेल्या आणि त्याच वर्षी हॉटेल व्यवस्थापनाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. पर्यटन खात्याकडे आल्याने विषयाला मोठं अंगण मिळालं. हॉटेलं वाढली, नोकऱ्या वाढल्या. पण अभ्यासाचा कल शहरातल्या मोठ्या हॉटेलांकडे वळत गेला. आज या परिषदेच्या छत्राखाली केंद्राच्या एकवीस संस्था आहेत आणि त्यांतली महाराष्ट्रातली एकमेव संस्था दादरची. गोंदियाच्या मुलाला तिथे पोचायचं तर जवळपास हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

राज्यात इतर वाटाही तयार झाल्या. छत्रपती संभाजीनगरला १९८९ मध्ये मौलाना आझाद शिक्षण संस्था आणि ताज समूह यांच्या सहकार्यातून हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली. पुण्यात शिवाजीनगरला राज्य शासनाची संस्था आहे. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा पदव्युत्तर विभाग आहे; अजिंठा-वेरूळच्या शेजारी तो असणं साहजिकच आहे. गोव्यात पर्वरीला केंद्राची हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. ग्वाल्हेरच्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेत पर्यटनाचं एमबीए करता येतं आणि तिची एक शाखाही गोव्यात आहे.

पदवीनंतर काय शिकायचं?

पदवीच्या तीन वर्षांत चार खांब पक्के होतात: स्वयंपाकघर, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा. कांदा एकसारखा कसा चिरायचा इथपासून शंभर खोल्यांच्या चादरींचं वेळापत्रक कसं लावायचं इथपर्यंतचं शिक्षण हाताला मिळतं. काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात उमेदवारी करावी लागते. पदव्युत्तर दोन वर्षांत प्रश्न बदलतात. दर किती ठेवायचा? किती पाहुणे घ्यायचे आणि कुठे थांबायचं? ताटात काय असावं आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात जावेत? माणसं टिकवायची कशी? या चारही प्रश्नांसाठी बोदलकसा उत्तम प्रयोगशाळा आहे.

आधी दराचा प्रश्न. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. समजा, तलावाकाठी दहा खोल्या आहेत आणि दर दोन हजार रुपये. शनिवार-रविवार सगळ्या भरतात, बाकीच्या पाच रात्री दोन-दोनच. आठवड्याच्या सत्तर खोली-रात्रींपैकी तीस विकल्या गेल्या. उत्पन्न साठ हजार, म्हणजे उपलब्ध खोलीमागे साधारण ८५७ रुपये. आता मधल्या पाच रात्रींचा दर बाराशे केला आणि रोज पाच खोल्या भरल्या, तर शनिवार-रविवारचे चाळीस हजार आणि मधल्या दिवसांचे तीस हजार मिळून सत्तर हजार होतात. खोलीमागे हजार रुपये. जास्तीच्या पंधरा खोली-रात्रींचा धुलाई-वीज-सफाईचा खर्च प्रत्येकी तीनशे धरला, तरी साडेपाच हजार हातात उरतात. मधल्या वारी येणार कोण, हे शोधणं हा खरा अभ्यास: निवृत्त मंडळी, पक्षीनिरीक्षक, शाळांच्या सहली, लेखन किंवा तालमीसाठी शांत जागा शोधणारे गट. पावसाळ्यात नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पातली सफर बंद असते, पण तलाव तेव्हाच भरतो आणि रोवणी सुरू असते. त्या तीन महिन्यांचं नियोजन कुठल्याही महानगरातल्या हॉटेलात शिकता येणार नाही.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. कॅनडातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं. एखादी जागा आधी थोड्यांना माहीत होते, मग गर्दी वाढते, मग ती जागा आपल्याच लोकप्रियतेखाली खचू लागते आणि वेळीच सावरलं नाही तर उतरणीला लागते. माथेरान आणि महाबळेश्वरच्या सुटीतल्या रांगा पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नेता येत नाही. म्हणजे वाढीला कुंपण आहे. अशा ठिकाणी गाड्यांची संख्या वाढवून उत्पन्न वाढत नाही. पाहुण्याचा मुक्काम लांबवावा लागतो आणि वाघापलीकडचं त्याला दाखवावं लागतं. जंगलातलं, विजेच्या झगमगाटाविना राहणं हीच अनेक वर्षं नागझिऱ्याची ओळख राहिली. अंधार आणि शांतता जपणं हेही व्यवस्थापकाचं कामच आहे.

वाघापलीकडे दाखवायला इथे पुष्कळ आहे. भंडारा-गोंदिया हे तलावांचे जिल्हे; कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इथे तळी बांधली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. त्या तलावाला आणि जंगलाला मारुती चितमपल्लींनी मराठी साहित्यात कायमची जागा दिली. नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी पुस्तक लिहिलं. राज्यात सारस क्रौंच आज मुख्यतः गोंदियातच उरला आहे. तो धानाच्या शेतात घरटं करतो आणि त्याची राखण करण्यात शेतकरीच पुढे असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र-रात्र मंडप भरतात. बोदलकशाला दोन दिवस राहणाऱ्या पाहुण्याच्या कार्यक्रमपत्रिकेत यातलं काय आणि कसं बसवायचं, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

तिसरा प्रश्न ताटाचा. अमेरिकेतले मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मेन्यूकार्ड तपासण्याची पद्धत मांडली. प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि त्यातून किती उरतं, या दोन कसोट्यांवर पदार्थांचे चार गट करायचे. मग कोणता पुढे आणायचा, कोणाची किंमत बदलायची आणि कोणता काढून टाकायचा ते ठरवायचं. पनीर बटर मसाला देशभर कुठेही मिळतो. चिन्नोरच्या वासाचा भात, मरळीचा झणझणीत रस्सा, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि मोहफुलांचा गोड पदार्थ मात्र झाडीतच खावा. तांदूळ शेजारच्या गिरणीतला, मासळी ढिवर बांधवांकडची, शिंगाडे तलावातले. असं ताट खपू लागलं की पाहुण्याने दिलेल्या पैशातला मोठा वाटा गावातच राहतो. हे मोजण्याची आणि सिद्ध करण्याची साधनं पदव्युत्तर अभ्यासात आहेत. १९५४ च्या त्या पहिल्या कॉलेजचा हेतूही जवळ पिकतं ते नीट शिजवून लोकांपुढे ठेवण्याचा होता, आणि या ताटात तो पुन्हा जिवंत होतो.

चौथा प्रश्न माणसांचा. पाहुण्यासमोर दिवसभर प्रसन्न राहणं हेही श्रमच असतात, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या अभ्यासातून दाखवलं. त्या श्रमांचा मोबदला, विश्रांती आणि मान यांचा विचार करायला व्यवस्थापक शिकला नाही, तर माणसं टिकत नाहीत. तिरोड्याचा मुलगा किंवा मुलगी पाहुण्याशी आपल्या झाडी बोलीत आत्मविश्वासाने बोलते, झाडाचं आणि पाखराचं गावातलं नाव सांगते, तेव्हा पाहुण्याला ते ठिकाण कळतं. तिला ठोकळेबाज इंग्रजी वाक्यं पाठ करायला लावणं हे वाईट प्रशिक्षण आहे. तिची बोली ही त्या जागेची संपत्ती आहे.

शाळा आणि तलाव जोडता येतील

वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलं असतं, तसं आतिथ्याच्या उच्च शिक्षणाला चालतं पर्यटक निवास जोडलेलं असलं पाहिजे. महाराष्ट्राला त्यासाठी नवी इमारतही बांधावी लागणार नाही. १९७५ पासून काम करणाऱ्या एमटीडीसीची निवासं राज्यभर आहेत आणि ती सार्वजनिक मालकीची आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं एक सत्र बोदलकशाला ठेवता येईल. पावसाळ्यात चार जण, हिवाळ्यात चार जण येतील. दर, ताट, पाण्याचा वापर, कचरा आणि गावात राहणारा पैसा यांच्या नोंदी पुढच्या तुकडीकडे सोपवल्या जातील. पाच वर्षांत ग्रामीण निवासाविषयीची खात्रीची माहिती हातात येईल, आणि ती मराठीत लिहिली गेली तर गावोगावच्या कृषी पर्यटन केंद्रांनाही उपयोगी पडेल.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांसाठी वाट सरळ आहे. बारावीला शाखा कोणतीही चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. राष्ट्रीय पातळीवरची संयुक्त प्रवेश परीक्षा द्यायची आणि तीन वर्षांची आतिथ्य व हॉटेल प्रशासनातली बीएस्सी करायची. ही पदवी पूर्वी इग्नूची मिळायची, आता जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. पुढे निवडक संस्थांत दोन वर्षांची एमएस्सी आहे. दुसऱ्या कुठल्या विषयात पदवी झाली असेल, तर पर्यटनाच्या एमबीएची किंवा पर्यटन प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासाची दारं उघडी आहेत. फी भरण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारून घ्या: पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि प्रत्यक्ष उमेदवारी कुठे व किती आठवड्यांची. या दोन प्रश्नांची स्वच्छ उत्तरं न देणाऱ्या संस्थेत जाऊ नका.

शिकून बाहेर गेलेल्या मुलांना दुबई आणि जहाजांवरची नोकरी मिळते, त्यात वावगं काही नाही. पण परत यावंसं वाटलं तर परतायला जागाही असली पाहिजे. एमटीडीसीने आपली निवासं विद्यार्थ्यांसाठी उघडावीत, दादर-पुणे-संभाजीनगरच्या संस्थांनी एक सत्र झाडीपट्टीला द्यावं आणि गोंदियाच्या पालकांनी या शिक्षणाकडे सन्मानाने पाहावं. बोदलकशाचा तलाव शंभराहून अधिक वर्षं धान पिकवतो आहे. त्याच्या काठी शिकलेली, मानाने रोजगार करणारी पिढीही उभी राहू शकते, आणि ती उभी करणं आपल्या हातात आहे.