माकडताप : गोचीड लहान, दुखणे मोठे

मार्च महिन्यात काजू गोळा करणाऱ्या एक मावशी दवाखान्यात आल्या. तीन दिवस कडक ताप, डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून आलेले. घरातल्या तापाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्या आल्या होत्या. मीही औषध लिहायला घेतले. उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बागेत दोन माकडे मरून पडली हो." मी कागद बाजूला ठेवला व त्यांना रक्त तपासणीसाठी पाठवले. निदान झाले, माकडताप!

हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. आपल्या सिंधुदुर्गात तो २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात दिसला. नाव माकडाचे असले तरी माणसाला तो देते गोचीड. रोगाचा विषाणू तिच्या शरीरात असतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. डिसेंबर ते मे या काळात त्यांची बारीक पिल्ले पाचोळ्यात असतात. ती चावल्याचे कळतही नाही. नेमके हेच दिवस काजूचे आणि सरपणाचे!

काही रुग्णांच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी उलटतो व मेंदूवर परिणाम होतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर खास औषध नाही. म्हणून वेळेवर रुग्णालयात दाखल होणे महत्त्वाचे. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. मात्र हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नये.

रानात जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला कीटकांना दूर ठेवणारे तेल लावा. परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, जळती काडी नको. बोटांनी चिरडू नका. मेलेल्या माकडाला हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

त्या मावशी बऱ्या झाल्या. पण माकडांची गोष्ट त्यांनी सांगितली नसती तर? तेव्हा तापात दवाखान्यात जाल तेव्हा रानात गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपण होऊन सांगा.