अपुऱ्या दिवसांचें बाळ आणि आईचें दूध

गेल्या पावसाळ्यांत आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं लाखनीस माहेरीं आली आणि दिवस भरण्यापूर्वींच, ३३व्या आठवड्यांत, भंडाऱ्यास प्रसूत झाली. बाळ अवघें १,७०० ग्रॅम वजनाचें. स्तनास लावलें कीं दोनदां चोखी आणि झोपीं जाई. घरांतील वडीलधाऱ्यांनीं निदान केलें, "पोरीला दूधच नाहीं." तें ऐकून ती रात्रभर रडली. बोलणारांत आम्हीही होतों. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

तें निदान चुकीचें होतें. दूध होतें, बाळास तें ओढतां येत नव्हतें. चोखणें, गिळणें व श्वास घेणें ह्या तिन्ही क्रियांचा मेळ सामान्यतः ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसूं लागतो. त्यापूर्वीं जन्मलेल्या बाळास ही विद्या गर्भाबाहेर शिकावी लागते. मनगट स्थिर होण्याआधीं अक्षर वळत नाहीं म्हणून मुलास मंदबुद्धि ठरविणाऱ्या पंतोजींत आणि आमच्यांत त्या दिवशीं कांहींच भेद नव्हता.

मग तोंवर काय करावें? परिचारिकेनें शिकविलें तें असें : प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, आणि पुढें दिवसरात्र मिळून निदान आठ वेळां, आईनें स्वच्छ हातांनीं दूध पिळून काढावें. स्तन रिकामे होत गेले तरच दूध वाढतें. म्हणून रात्रीची पाळी चुकवूं नये. पहिला पिवळसर चीक थेंबभरच येतो, पण रोगप्रतिकारक द्रव्यें त्यांतच विपुल असतात. काढलेलें दूध बाळास थोडें उभें धरून वाटी-चमच्यानें, किंवा उकळून घेतलेल्या आपल्या जुन्या बोंडल्यानें, ओठांशीं थेंब थेंब द्यावें. घशांत ओतूं नये. ज्यास गिळतांही येत नाहीं त्यास रुग्णालयांत नळीनें देतात.

इतक्यांत आमच्या आत्याबाईंनीं मध-तुपाचें चाटण पुढें केलें. स्तन्य तीन-चार रात्रींनीं प्रवृत्त होतें असें सांगून सुश्रुतसंहितेनें तोंवर मध-तुपाची योजना केली आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु चीक हेंच पहिलें स्तन्य होय हें आतां सिद्ध झालें आहे. शिवाय मधांत क्वचित् असणाऱ्या जंतूंमुळें वर्षाच्या आंतील मुलाचे स्नायू लुळे पडण्याचा घातक विकार होऊं शकतो. आत्याबाई रागावल्या, तरी आम्हीं चाटण परत ठेवविलें. जातकर्म मंत्रांनीं होतें, असें आमचें मत.

दुसरा उपाय उबेचा. टोपी व लंगोट एवढ्यावरच बाळ आईच्या उघड्या छातीशीं उभें बांधून ठेवावयाचें. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं डॉ. एडगर रे यांनीं १९७८च्या सुमारास ही 'कांगारू पद्धति' सुरू केली. हिनें बाळाचें अंग उबदार राहतें आणि आईचें दूधही वाढतें. कन्या झोपली असतां आमच्या सौ.नीं व जांवईबापूंनींही ही पाळी सांभाळली.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या बाबतींत मोठें कार्य झालें आहे. आईचें दूध अपुरें पडल्यास दुसऱ्या मातांचें निर्जंतुक केलेलें दूध मिळावें म्हणून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत दुग्धपेढी काढली. आशियांतील ती पहिली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर निगा राखण्यास शिकविलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें तेथील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले.

बाराव्या दिवशीं आमच्या नातवानें छातीशीं असतांनाच तोंड वळवून स्तन शोधला, आणि गिळल्याचा बारीकसा आवाज आम्हां सर्वांस ऐकूं आला. तरीही पुढें दोन आठवडे बोंडलें चालूच होतें. विद्या एका दिवसांत येत नाहीं.

वाचकहो, असें बाळ अंगाला गार लागलें, निळसर झालें किंवा पाजण्यासही जागें होईना, तर क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टर गांठावा. एरवीं घरच्यांचें काम एवढेंच : बाळंतिणीस "दूध आहे का?" असें विचारूं नये, "थोडी झोप काढ, बाळ आम्ही धरतों," असें म्हणावें.