कुंडी-मिश्रण

कुंड्या, खोकी, पिंपे, गच्चीवरील वाफे यांसारख्या मर्यादित जागेत वनस्पती वाढविण्यासाठी माती, कुजलेले सेंद्रिय पदार्थ व भरड पदार्थ एकत्र करून आणि काही काळ मुरवून तयार केलेल्या माध्यमास कुंडी-मिश्रण म्हणतात. जमिनीतील झाडाची मुळे पाण्याच्या व अन्नद्रव्यांच्या शोधात दूरवर जाऊ शकतात, ३० सेंमी. व्यासाच्या कुंडीतील झाडाला मात्र सु. १५ लिटर मिश्रणात भागवावे लागते. त्यामुळे शेतात उत्तम ठरलेली माती कुंडीत उपयोगी पडेलच असे नाही. घरी केलेली मिश्रणे फसतात ती बहुधा घटकांचे प्रमाण चुकल्याने नव्हे, तर ती पुरती मुरण्याआधी वापरल्याने.

पाण्याचे वर्तन : जमिनीत मुरलेले पाणी खालच्या थरांकडे ओढले जाते. कुंडीच्या तळाशी ही ओढ खंडित होते आणि तेथे पाण्याने भरलेल्या मातीचा एक थर शिल्लक राहतो. त्याची जाडी कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. म्हणून उथळ कुंडीत मुळांना हवेशीर जागा फारच थोडी उरते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची प्रथा सर्वत्र आढळते, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतील पाणी खडीतील मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नसल्याने ओला थर तेवढा वर सरकतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरेसा असतो. निचरा हवा असल्यास सबंध मिश्रणच भरड असावे लागते.

घटक : दख्खनच्या पठारावरील काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते, म्हणून ती एकटी कुंडीत वापरू नये. पोयट्याची माती अधिक चांगली. रोपवाटिकांतून मिळणारी कोकणातील जांभ्याची लाल माती निचऱ्यास बरी, पण अन्नद्रव्यांनी गरीब व बहुधा अम्लधर्मी असते. सर्वसाधारण झाडांसाठी घनमानाने ४ भाग माती, ३ भाग पालापाचोळ्याचे खत, २ भाग जुने शेणखत व १ ते २ भाग जाड वाळू हे प्रमाण सोयीचे पडते. वाळूऐवजी दगडाचा चुरा घ्यावयाचा झाल्यास त्यातील बारीक भुकटी चाळून व धुऊन काढावी, अन्यथा ती पोकळ्या बुजविते. गच्चीवर वजन कमी राखण्यासाठी मातीचा काही भाग वगळून काथ्याचा भुसा घालतात. त्यात पुष्कळदा मीठ असल्याने तो दोनतीन पाण्यांतून काढावा. १०० लिटर मिश्रणास सु. अर्धा किग्रॅ. निंबोळी पेंड व पाव किग्रॅ. हाडांचे चूर्ण पुरते. राख आम्लारिधर्मी असल्यामुळे काळ्या मातीच्या मिश्रणात ती टाळलेली बरी.

पूर्वेतिहास : कुंड्यांसाठी ठराविक प्रमाणांची मिश्रणे लंडनजवळील मर्टन येथील जॉन इनिस उद्यानविद्या संस्थेत डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स व जे. न्यूएल यांनी १९३०–४० या दशकात सिद्ध केली. त्यांच्या रोप-मिश्रणात ७ भाग पोयटा, ३ भाग पीट (दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य) व २ भाग वाळू असे. पोयटा हिरवळीच्या लाद्या महिनोन् महिने रचून तयार करीत व वाफेने निर्जंतुक करीत. या पाककृतीत चुनखडीही आहे. इंग्रजी पुस्तकांवरून ती आपल्याकडील चुनखडीयुक्त मातीत घालणे हानिकारक होय. तेथे पाने पिवळी पडण्याचा दोष त्यामुळे वाढतो. सेंद्रिय भागाच्या बाबतीत अधिक जवळचे काम इंदूर येथे झाले. ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी तेथील कंपोस्ट पद्धतीचे विवेचन १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी शेण, गोमूत्र व गूळ यांच्या आंबविलेल्या द्रवात वाळका काडीकचरा भिजवून तो थोड्या मातीबरोबर कुजविण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. या ‘अमृत माती’चा गच्चीवरील बागांत बराच प्रसार झाला आहे.

मुरवण : ताज्या काडीकचऱ्यात नायट्रोजनाच्या मानाने कार्बन फार असतो, भाताच्या पेंढ्यात हे गुणोत्तर बरेच मोठे, तर लाकडाच्या भुशात त्याहून कितीतरी मोठे असते. असा माल कुंडीत गेल्यास त्यावर जगणारे सूक्ष्मजंतू मातीतील नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाडाची खालची पाने प्रथम पिवळी पडतात. माणूस मग आणखी खत घालतो. उलट पेंड किंवा ताजे शेण यांत नायट्रोजन जास्त असल्याने अमोनिया सुटतो व कोवळी मुळाग्रे जळतात. अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जंतू सावकाश काम करतात. मुरवण म्हणजे मुख्यतः त्यांच्यासाठी थांबणे. निंबोळी पेंडीमुळे त्यांचा वेग आणखी मंदावतो, म्हणून ती घातलेल्या मिश्रणास अधिक दिवस द्यावेत.

प्रथम काडीकचरा व शेण यांचा ढीग कुजवून घेतात. तो सर्व बाजूंनी सु. १ मी. असल्यास आतील तापमान ५५° ते ६५° से.पर्यंत चढते आणि तणांचे बी व बरेच रोगजंतू मरतात. बादलीएवढ्या ढिगात ही उष्णता टिकत नाही. ढीग निवाल्यावर माती व इतर घटक मिसळून मिश्रण सावलीत, गोणपाटाखाली ४ ते ६ आठवडे ठेवतात व दर ८–१० दिवसांनी खालीवर करतात. ओल एवढी असावी की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. प्लॅस्टिकच्या घट्ट बंद पिशवीत मिश्रण मुरत नाही, सडते. खालीवर करताना हुमणीच्या किंवा गेंड्या भुंग्याच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्यास वेचून काढाव्यात. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर त्या हमखास येतात.

मिश्रण तयार झाल्याची खूण म्हणजे ते खालीवर केले तरी पुन्हा तापत नाही. ओला नमुना बाटलीत बंद करून चारपाच दिवसांनी उघडल्यास आंबूस किंवा अमोनियाचा उग्र दर्प येऊ नये. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास यावा. सर्वांत भरवशाची कसोटी अळिवाची. एका बशीत हे मिश्रण व दुसऱ्या बशीत धुतलेली वाळू घेऊन दोहोंत सारखेच बी पेरतात. आठवडाभरात मिश्रणातील रोपे खुरटी किंवा तपकिरी मुळांची निघाली, तर ते आणखी पंधरवडाभर ठेवावे. महागडे रोप लावून हीच परीक्षा घेणारेही पुष्कळ असतात.

कुंडीत भरल्यावरही कुजणे थांबत नाही. पातळी दर वर्षी खाली जाते व मिश्रण दाट होते. जुने मिश्रण टाकून देण्याचे कारण नाही. मुळे चाळून काढून ते ओलसर करतात व एप्रिल–मे महिन्यांत पारदर्शक प्लॅस्टिकखाली १५ सेंमी.पेक्षा पातळ थरात ४ ते ६ आठवडे उन्हात ठेवतात. त्यानंतर एक-तृतीयांश मुरलेले नवे खत मिसळून ते पुन्हा वापरता येते. मात्र टोमॅटो, वांगी किंवा मिरची यांच्या मर रोगाने गेलेल्या कुंडीतील मिश्रण याच वर्गातील झाडांना देऊ नये.