बाळंतिणीची ब्रा आणि ब्लाऊज : काय बघून घ्यावं

आजचा विषय ऐकून रेडिओचा आवाज बारीक करू नका. घरात सासरे, दीर बसले असतील तर बसू द्यात. बाळाच्या पोटाचा विषय आहे, त्यांनीही ऐकलेला बरा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीला एक सून तान्हं बाळ घेऊन आली होती. सव्वा महिना होऊन चारच दिवस झाले होते. पहिल्यांदा घराबाहेर पडायचं म्हणून बिचारी जरा चांगलं नेसून आली होती. अंगात लग्नातला, मागून हुकांचा ब्लाऊज. आम्ही हप्त्यांचा हिशोब करत होतो तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आता मागून हुकांच्या ब्लाऊजमधून पाजणार कसं? तिने पिशवीतून बाटली काढली. आम्ही पंधराजणी तिथे बसलो होतो, पण एकीनेही उठून ‘आत चल, मी हुकं काढून देते’ असं म्हटलं नाही. बेरीज जुळत नव्हती ना आमची!

चार दिवसांनी ती तापाने फणफणली. एका बाजूची छाती लाल आणि दगडासारखी कडक. आशाताईंनी दोनच गोष्टी विचारल्या : अंगावर पाजणं कमी केलंस का, आणि आत काय घालतेस? आत होती लग्नाआधीची तारेची ब्रा, चांगली दोन नंबर लहान. डॉक्टरांनी औषध दिलं, पाजत राहायला सांगितलं, आणि ती बरी झाली. पण तेव्हापासून आम्ही ठरवलं की गटात जशी पासबुकाची विचारपूस होते, तशी गरोदर बाईच्या कपड्यांचीही करायची.

हे असं का होतं ते आधी समजून घेऊ. छातीत दूध बारीक बारीक नळ्यांमधून वाहतं. ब्राची तार, घट्ट शिवण किंवा ब्लाऊजची काचणारी कड रोज एकाच जागी दाबत राहिली की तिथलं दूध पुढे सरकत नाही. तुंबतं, गाठ येते, सूज येते, मग ताप. त्यात बाळाला बाटली दिली की तेवढं दूध छातीतच राहतं, आणि दूध राहिलं की शरीर पुढचं कमी तयार करतं. म्हणजे घट्ट कपड्याचं दुखणं शेवटी बाळाच्या पोटावर येतं.

पहिली चूक होते ती मापात. गरोदरपणातच छाती वाढायला लागते. बाळंतपणानंतर पहिले एक-दोन दिवस चीक येतो, थोडासाच पण बाळाला तेवढा पुरतो. मग साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येतं आणि छाती एकदम जड होते. दोन-तीन आठवड्यांनी ती थोडी उतरते. म्हणून आठव्या महिन्यात हौसेने सहा ब्रा आणून ठेवू नका. दोन आणा, बाकीच्या दूध बसल्यावर. शेवटच्या महिन्यांत बरगड्याही फाकलेल्या असतात, नंतर त्या आत येतात. म्हणून तेव्हा घेतलेली ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसणारी असावी, म्हणजे पुढे हुकं आत घेता येतात. वाटीत मात्र जागा हवी, एक घडी घातलेलं फडकं सहज मावेल एवढी.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. एक माप छातीच्या बरोबर खाली, अंगाभोवती. दुसरं छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. पहिल्या मापावरून ३२, ३४, ३६ असा नंबर ठरतो, आणि दोन मापांतल्या फरकावरून बी, सी, डी ही वाटी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून दोन्ही मापं कागदावर लिहून दुकानात न्या. दुकानदार पुरुष असला तर तोंडाने सांगायची लाज वाटते आणि आपण ‘मोठी द्या’ म्हणून येतो. कागद पुढे केला की बोलावंच लागत नाही. घरी घालून बघितल्यावर खांद्यावर वळ उठत असतील, मागची पट्टी वर सरकत असेल किंवा बगलेकडून छाती बाहेर येत असेल, तर ती ब्रा परत करायची.

कापड सुती, पट्टे रुंद, तार नाही, स्पंज नाही. दुकानात जिला फीडिंग ब्रा म्हणतात तिची एकेक वाटी पुढून क्लिप काढून खाली सोडता येते. ती क्लिप एका हाताने निघते का हे तिथेच बघा, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. ही ब्रा साधीपेक्षा महाग पडते. परवडत नसेल तर पुढून हुकांची सुती ब्रा चालते. पण साधी ब्रा वर सरकवून पाजू नका. तिची कड वरून छातीत रुतते आणि नेमकं पाजतानाच दूध अडतं. रात्री काचत असेल तर काढून झोपा.

आणि हेही सांगतो, ब्रा घातलीच पाहिजे असं काही नाही. आमच्या गटातल्या आक्का गाठीची चोळी घालतात. त्यांनी पाच लेकरं त्या चोळीवर वाढवली. समोर एक गाठ, सोडली की झालं! ब्रा घातली नाही किंवा बाळाला पाजलं तर छाती ओघळते, असं तरुण मुली म्हणतात. छातीचा आकार बदलतो तो गरोदरपणाने आणि वयाने. पाजण्याला उगाच दोष नको.

आता ब्लाऊज. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या चौघीजणी आहेत, त्यांच्याशी बोलून हे ठरलं. सातव्या महिन्यात ओटीभरणाचा ब्लाऊज शिवाल तेव्हाच तो पुढून हुकांचा शिवा. बगलेच्या शिवणीत दोन्ही बाजूंना चांगली दीड-दोन बोटं माया सोडा. दूध भरल्यावर एक टीप उसवली की ब्लाऊज सैल, पुढे पुन्हा घालता येतो. मुंढा घट्ट नको, गाठी बगलेकडेही येतात. लांबी नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवा. हुकं खालून काढायची, वरची दोन लावलेलीच राहू द्यायची. वरून पदर, खालून बाळ, म्हणजे कोणाला काही दिसत नाही. कटोरीचा, अस्तर लावून ताठ केलेला ब्लाऊज एक वर्षभर कपाटात राहू दे.

पंजाबी ड्रेस घालणाऱ्यांसाठी जुन्या कुर्त्याला छातीवर, दोन्ही बाजूंना उभी चीर देऊन आत चेन लावता येते. चेनच्या आतून कापडाची पट्टी हवी, नाहीतर बाळाच्या गालाला टोचते. टिकल्या, जरीची किनार, चमकीही तशीच टोचते. आणि सेफ्टी पिन! आपण पदराला, मंगळसूत्राला, कुठे कुठे पिना लावतो. पाजायच्या आधी छातीवरून हात फिरवून बघा. मंगळसूत्र मागे टाका.

ज्यांचं सिझर झालंय त्यांनी परकराची नाडी टाक्यांवर बांधू नये. काही दिवस पुढून बटणांचा गाऊन बरा.

दूध गळतं म्हणून आत फडकं ठेवतो, ते जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचं असावं. चार पदरी गोल कापून कडेला टीप मारली की झालं. आत प्लॅस्टिक लावू नका. ओलं झालं की लगेच बदला, ओल्या फडक्याने बोंडं मऊ पडून चिरतात, बुरशीही धरते. पाजून झाल्यावर थोडं दूध बोंडांना लावून वाऱ्यावर सुकू द्या. रोज साबण लावायची गरज नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे वाळत घालणं. आम्ही बैठकीत विचारलं, ब्रा कुठे वाळत घालता? कोणी म्हणाली न्हाणीत, कोणी पलंगाखाली, कोणी टॉवेलच्या आत. उन्हात म्हणणारी एकच निघाली. घरातल्या पुरुषांच्या बनियन अंगणात डुलत असतात आणि बाळाच्या तोंडाशी जाणारं कापड अंधारात कुबट होतं. ते उन्हातच वाळायला हवं. फारच संकोच वाटत असेल तर गच्चीवर किंवा परसात वेगळी दोरी बांधा. पावसाळ्यात एक ब्रा जास्त ठेवा आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय घालू नका.

प्रवासात एक रुंद सुती ओढणी जवळ असू द्या. अनेक एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, पाजायला बसण्याची जागा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या गवळणीची गोष्ट आपण सांगतो, तिचंच नाव. कक्षाला कुलूप असेल तर किल्ली मागा. मागायला लाजू नका.

छातीत गाठ लागली तर त्या बाजूने पाजणं थांबवू नका. घट्ट कपडा काढा, पाजून झाल्यावर गार ओलं फडकं ठेवा. दिवसभरात गाठ उतरली नाही, छाती लाल-गरम झाली, थंडी वाजून ताप आला, तर शेक-लेप करत न बसता आशाताईंना कळवा आणि दवाखाना गाठा. उशीर झाला तर आत पू होतो.

ती सून आता गटाची सचिव आहे. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात तिने जुन्या साडीचा पडदा लावलाय. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, बैठकीनंतर, आमच्या शिवणाऱ्या चौघी मशीन घेऊन बसतात. सातवा महिना लागलेल्या कुणी असाल तर दोन जुने ब्लाऊज घेऊन या. माया असेल तिथे उसवून देतात, नसेल तिथे पट्टी जोडून देतात.