भार नळीवर, पीळ दांड्यावर

करमाळा तालुक्यात गाडीला दोन वेगळ्या जमिनींवर चालावं लागतं. अहिल्यानगरहून टेंभुर्णीकडे जाणारा मोठा रस्ता एक. आणि तो सोडून उजनीच्या फुगवट्याकडे उतरलं, की उसा-केळीच्या मधून जाणारी काळ्या मातीची वाट दुसरी. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमेकाठची कितीतरी जमीन पाण्याखाली गेली आणि उरलेल्या काठावर बागायत उभी राहिली. कंदरची केळी आज परदेशात जाते. आदिनाथ आणि मकाई हे दोन सहकारी साखर कारखाने याच तालुक्यातले. केळीची गाडी पॅकिंगला असो, खताची पोती असोत, ठिबकच्या नळ्या असोत, माल बांधापर्यंत न्यायचा आणि बांधावरून आणायचा. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या गाड्यांत महिंद्राचे जीपच्या सांगाड्यावर बांधलेले जुने पिकअप आहेत. त्यांच्या पोटाखालच्या एका भागाची ही ओळख आहे. तो भाग म्हणजे एक्सल. आणि ओळख करून द्यायचं कारण असं, की जुन्या पिकअपला 'जड एक्सल टाकून घेऊ' हा विचार अनेक मालकांच्या डोक्यात कधी ना कधी येतोच.

विचार चुकीचा नाही. इंजिन थकलं तर बोअर करता येतं, नवे पिस्टन बसतात. बॉडी कुजली तर पत्रा मारता येतो. पण ओल्या रानात भरलेली गाडी रुतते, एक चाक जागेवरच फिरत राहतं, चालक ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि फिरतं चाक एकाएकी दगडाला नाहीतर घट्ट मातीला पकडतं, तेव्हा इंजिनाचा सगळा जोर एका क्षणात एक्सलातल्या, चाक फिरवणाऱ्या एका दांड्यावर येतो. दांडा तुटल्याचा आवाज होतो आणि गाडी तिथेच बसते.

तो जोर किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. महिंद्राच्या जीपचं मूळ असलेल्या विलिस कंपनीची पहिली नागरी जीप दुसऱ्या महायुद्धानंतर आली, तिचं इंजिन साधारण १४२ न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे टॉर्क, द्यायचं. आजच्या मानाने तो अगदी थोडा. पहिल्या गिअरमध्ये तो २.८० पट होतो, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्ये आणखी २.४६ पट आणि एक्सलातल्या क्राऊन-पिनियन या दातचक्रांमध्ये ५.३८ पट. घर्षणात जाणारा भाग सोडून दिला तर गुणाकार ५,२०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. चाकांना पकड असेल तर एवढा पीळ एक्सलांमधून जाणार. त्याच सांगाड्यावर पुढे जास्त ताकदीचं डिझेल इंजिन आलं आणि खाली मोठे टायर आले, की हा आकडा आणखी चढतो. दांडा मात्र होता तेवढाच राहतो.

आता दांडा आणि नळी यांतला फरक. मागच्या बाजूला दिसतो तो लोखंडी आडवा सांगाडा म्हणजे हौसिंग. मध्ये क्राऊन-पिनियनचा गोळा आणि दोन्ही बाजूंना नळ्या. नळीच्या आतून फिरणारा दांडा चाकाला फिरवतो. प्रश्न असा, की गाडीचं वजन कोणी पेलायचं? बैलगाडीत याचं उत्तर स्वच्छ आहे. गाडीचा आख फिरत नाही, तो फक्त भार घेतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. मोटारीत चाकाला इंजिनाने फिरवायचं असल्यामुळे गुंतागुंत झाली आणि तिची दोन उत्तरं निघाली.

पहिल्या रचनेत चाक थेट फिरत्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं. दांडाच वजन पेलतो आणि दांडाच पीळ देतो. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. हलकी, स्वस्त, प्रवासी गाडीला पुरेशी. पण दांडा बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट निखळून जातं. दुसऱ्या रचनेत हबचे दोन बेअरिंग नळीच्या बाहेरच्या तोंडावर बसतात. वजन हबमधून सरळ नळीवर उतरतं आणि आतल्या दांड्याला फक्त फिरवण्याचं काम उरतं. ही फुल-फ्लोटिंग रचना. बैलगाडीचा आख आणि त्याच्या पोटातून जाणारा एक वेगळा दांडा, असं तिचं स्वरूप आहे. टाटा ४०७ च्या मागच्या चाकाच्या मधोमध बाहेर आलेला हब आणि त्यावरचं बोल्टांचं कडं पाहिलं असेल, ते हेच. ते बोल्ट काढले की चाक जमिनीवर असतानाच दांडा ओढून बाहेर काढता येतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतं. चार चाकांची ओढ असलेल्या गाडीत मागचे दोन्ही दांडे काढून ठेवून पुढच्या ओढीवर हळूहळू घर गाठता येतं.

माझ्या मते जड एक्सलाचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आहे. क्राऊन मोठा, दांडा जाड, हे नंतर येतं. आधी पाहायचं ते भार कोण घेतो आहे.

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी या लष्करी जीपला मागे फुल-फ्लोटिंग एक्सल होता. १९४५ मध्ये नागरी जीप आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांना तोच होता, पण लवकरच कंपनीने तो काढून सेमी-फ्लोटिंग बसवला. म्हणजे रणांगणावर जी खात्री लागली, ती शेतावर लागणार नाही असं धरलं गेलं. करमाळ्याच्या पावसाळी रानात भरलेली गाडी चालवणाऱ्याला हा निर्णय पटणार नाही, मलाही पटत नाही. १९४७ साली मुंबईत महिंद्राने विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे त्या आपल्याकडेच बनू लागल्या आणि जीपच्या सांगाड्याने भारतातल्या खेड्यापाड्यांत मुक्काम केला.

त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीची हकीकत याहून बोलकी आहे. इंजिनावर केबिन असलेला जीपचा फॉरवर्ड कंट्रोल एफसी-१५० पिकअप अमेरिकेत १९५७ साली आला. आपल्याकडे महिंद्राने तो बनवला. सुरुवातीला त्याला छोट्या जीपचेच एक्सल दिले होते, दोन चाकांमधलं अंतर ४८ इंच. उंच केबिन आणि अरुंद पाया, त्यामुळे गाडी डुलायची. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने नवा सांगाडा काढला आणि हे अंतर ५७ इंच केलं. ज्याला आज आपण गॅरेजमधला बदल म्हणतो, तो कारखान्याने स्वतः केला. पण कसा केला, ते महत्त्वाचं आहे. रुंद एक्सल घेतला तेव्हा त्याच्यासाठी सांगाडाही बदलला.

गॅरेजमध्ये नेमकं हेच सुटतं. कुर्ल्याच्या नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं भक्कम हौसिंग दिसतं, भाव बरा वाटतो आणि ते टेम्पोत टाकून आणलं जातं. मग कळतं, की स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागांमधलं अंतर वेगळं आहे, रिमच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं आहे, चाक मडगार्डच्या बाहेर येतं आहे आणि ब्रेकचा ड्रम मोठा असल्यामुळे मास्टर सिलिंडर पुरत नाही. म्हणून आणण्याआधी टेप घेऊन मापं घ्यावीत. एका ड्रमच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंतचं अंतर, पाट्यांच्या मध्यांमधलं अंतर, पिनियन मधोमध आहे की एका बाजूला सरकलेला. जुन्या विलिस घराण्यात गोळा एका बाजूला असतो, कारण ट्रान्सफर केसची मागची दिशाच बाजूला आहे. मधोमध गोळा असलेला एक्सल तिथे बसवला तर जॉइंट शाफ्ट तिरका जाणार.

सर्वांत महत्त्वाचं माप दातांचं. चारही चाकांची ओढ असलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. क्राऊनचे ४३ दात आणि पिनियनचे ८ असले तर ५.३८. क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ असले तर ४.८८. पुढे एक आणि मागे दुसरा राहिला तर पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांच्या फरकाने फिरू पाहतात. चिखलात ते घसरून निभावतं. डांबरावर फोर-व्हील टाकली, की सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि काहीतरी फुटतं. हौसिंगचं झाकण काढून दात मोजायला अर्धा तास लागतो. तो न देता व्यवहार करू नये.

डाना कंपनीचे आकडे या धंद्यात सारखे कानावर येतात. १९०३ च्या सुमारास क्लॅरेन्स स्पायसर यांनी युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट घेतलं. ज्याला मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात तोच हा जॉइंट. त्यांची कंपनी १९४६ मध्ये डाना झाली. जीप घराण्यात गाजलेल्या डाना ४४ चा क्राऊन साडेआठ इंचांचा. त्याच्या वरच्या वर्गातल्या डाना ६० चा पावणेदहा इंचांचा. सव्वा इंचाचा फरक ऐकायला छोटा, पण दाताची रुंदी, बेअरिंग, दांड्याची जाडी सगळंच त्यासोबत वाढतं. वजनही वाढतं, आणि हे वजन पाट्यांच्या खालचं असल्यामुळे रिकामी गाडी जास्त आपटते. गरजेपेक्षा जड एक्सल टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या बाजूचा बदल वेगळ्या कारणाने होतो. नव्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. महिंद्राच्या २०१० च्या थारलाही पुढे तेच होतं. रस्त्यावर ते सुखाचं आहे. रानात मात्र चाक वर-खाली होताना पोटाखालची उंची बदलते, बॉल जॉइंट आणि बुश यांची संख्या जास्त आणि भरल्या गाडीत त्यांची झीज जास्त. अखंड एक्सलात एक चाक दगडावर चढलं तर दुसरं खाली रेटलं जातं आणि गोळ्याखालची उंची तेवढीच राहते. म्हणून डोंगर-चिखलाची हौस असलेल्या काही थारवाल्यांनी पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून जुन्या जीपचा अखंड एक्सल बसवला. आपल्या जुन्या पिकअपला तो मुळातच असेल, तर मालकाने ते भाग्य समजावं. तो टिकवायला पैसे घालावेत.

कामातली खरी कारागिरी वेल्डिंगच्या जागी दिसते. पाट्याची बैठक हौसिंगच्या नळीवर नव्याने बसवावी लागते. एका दमात सगळी रेषा ओढली तर उष्णतेने नळी वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण महिन्याभरात ऑइल सील गळायला लागतं आणि दांड्याचं बेअरिंग जातं. जाणता वेल्डर थोडं थोडं, समोरासमोरच्या बाजूंनी, थंड होऊ देत ओढतो. मधला गोळा बिडाचा असतो. त्याला आधी तापवल्याशिवाय आणि निकेलच्या रॉडशिवाय हात लावू नये. वेल्डिंगच्या आधी बैठकीचा कोन ठरवावा लागतो. पिनियन किती वर पाहतो त्यावर क्रॉसचं आयुष्य अवलंबून आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस वारंवार जातो. पुढच्या एक्सलात किंगपिनचा कल थोडा मागे हवा. तो गेला की स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. गाडी उंच करायची म्हणून एक्सल पाट्याखाली घेतला तर हे सगळे कोन पुन्हा बिघडतात, ब्रेकच्या रबरी नळ्या तोकड्या पडतात आणि ड्रॅग लिंक तिरकी होते. उंचीसाठी एवढा खटाटोप करण्याआधी माणसाने विचार करावा.

आता कायदा, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक इथे गप्प होतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणजे गाडी दरवर्षी तपासनिसासमोर उभी राहते. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. अपघातानंतर बदल उघडकीला आला तर दावा अडकण्याचा धोका मालकाच्या डोक्यावर राहतो.

आणखी एक गैरसमज. जड एक्सल टाकला म्हणून जास्त माल भरायचा हक्क मिळत नाही. भार ठरतो तो नोंदणीपत्रावर. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकांची मर्यादा वाढवली, चार टायरच्या एका एक्सलाला १०.२ टनांवरून ११.५ टन दिले, पण ती मर्यादा सरकारने ठरवली, गॅरेजने नाही. आणि पाटे, चेसिस, ब्रेक, टायर होते तेच असतील तर सगळ्यात भक्कम एक्सलाखालीही गाडी वाढीव भाराने दुसरीकडे कुठेतरी तुटणार. बहुधा उतारावर, ब्रेकमध्ये.

म्हणून करमाळ्यातल्या, आणि एकूणच बागायती पट्ट्यातल्या, जुन्या पिकअपच्या मालकाला माझं सांगणं असं. आधी आहे तोच एक्सल मूळ मापाच्या नव्या दांड्यांनी, बेअरिंगांनी आणि सिलांनी नीट बांधून घ्या. ती दुरुस्ती आहे आणि बहुतेक गाड्यांना तेवढीच पुरते. तरीही दांडे तुटत असतील तर आधी माल कमी करा. गाडी फक्त स्वतःच्या रानात चालणार असेल आणि बदल करायचाच असेल, तर फुल-फ्लोटिंग हौसिंग घ्या, दात मोजून घ्या, ब्रेक त्याच्याबरोबर बदला आणि वेल्डिंग अनुभवी हाताकडून करून घ्या. गाडी रस्त्यावर येणार असेल तर पहिला पैसा एक्सलावर घालण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन लेखी विचारा, आणि उत्तर हातात आल्यावरच गॅरेजची वाट धरा.