आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

यंत्राला एखाद्याचा आवाज शिकवायला आता तासन्‌तास ध्वनिमुद्रण लागत नाही. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘व्हॅल-ई’ या मॉडेलला अवघ्या ३ सेकंदांचा नमुना पुरत होता. असंख्य लोकांच्या बोलण्यावर आधीच तयार झालेले मॉडेल त्या नमुन्यातून आवाजाचा पोत आणि लकब उचलते, आणि हवा तो मजकूर त्याच आवाजात बोलते. असा नमुना एखाद्या रीलमधूनही मिळतो.

जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना जो बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेले: प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची विनापरवाना नक्कल करणाऱ्या एआय साधनांना अंतरिम मनाई केली.

सामान्य घरात हा धोका येतो तो पैशाच्या मागणीतून. ‘आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव, बाबांना सांगू नकोस.’ रडवेला सूर, खरखरती लाइन आणि घाई यांत नकलेतली खोट लपून जाते. म्हणून नुसत्या कानांवर भरवसा ठेवू नये. फोन ठेवून त्या व्यक्तीच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. घरच्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे; तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.